वृद्धांच्या अबोल वेदना आणि आपले कर्तव्य
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. अशा मेळाव्यांतून आपण बहुधा शिक्षणावर बोलतो, चळवळीवर बोलतो, मायदेशातील विद्यार्थ्यांना पाठवावयाच्या मदतीवर बोलतो. ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही अशा एका विषयाला हात घालणार आहोत, की जो आपल्या घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे आणि ज्याविषयी आपण एकमेकांशी अजून मोकळेपणाने बोललेलो नाही. विषय आहे स्मृतिभ्रंश झालेल्या व नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वृद्धांच्या शारीरिक वेदनांचा.

१९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतातील डॉक्टर, अभियंते, परिचारिका, प्राध्यापक यांना या देशाचे दार उघडले. त्या लाटेबरोबर आणि तिच्यानंतर आपली माणसेही आली. जे तेव्हा विशी-तिशीत होते ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांतील अनेकांनी पुढे आपल्या आई-वडिलांनाही येथे आणले. म्हणजे वार्धक्य आता केवळ नागपूर, औरंगाबाद वा मुंबईहून येणाऱ्या पत्रांत आणि दूरध्वनींत उरलेले नाही; ते येथे, आपल्या शेजारच्या खोलीत आहे.

'नर्सिंग होम' या शब्दाचा प्रथम खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे गल्लीतले छोटे खाजगी इस्पितळ. तेथे बाळंतपण होते, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होते आणि चार दिवसांनी माणूस घरी येतो. अमेरिकेतील नर्सिंग होम ही निराळी संस्था आहे. ज्यांना चोवीस तास शुश्रूषा लागते अशी माणसे तेथे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहतात, आणि अनेकांचा शेवटही तेथेच होतो. या देशात अशी सुमारे १५ हजार नर्सिंग होम्स असून त्यांत १२ लाखांच्या वर माणसे राहतात. त्यांतील जवळजवळ निम्म्या माणसांना स्मृतिभ्रंश, म्हणजे येथील भाषेत डिमेन्शिया, आहे.

आपल्या समाजात आई-वडिलांना अशा ठिकाणी ठेवणे हे अजूनही लाजिरवाणे मानले जाते. 'लोक काय म्हणतील' या भीतीने कित्येक कुटुंबे ही गोष्ट लपवून ठेवतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की, पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असता, रात्री तीन वेळा उठून बाहेर निघून जाणाऱ्या आणि स्वतःच्या मुलास न ओळखणाऱ्या माणसाची काळजी घरी घेणे अनेकदा अशक्य होते, आणि मग संस्थेची मदत घेण्यात कोणतेही पाप नाही. परंतु माणूस संस्थेच्या स्वाधीन केला म्हणजे आपले काम संपले, असे मात्र नव्हे. एक काम असे आहे की जे संस्था आपल्यावाचून करूच शकत नाही. ते काम म्हणजे त्या माणसाची वेदना ओळखणे.

स्मृतिभ्रंशाविषयी एक समज सर्वत्र पसरलेला आहे. 'त्यांना आता काही कळत नाही, म्हणून त्यांना काही दुखतही नसेल.' हे वाक्य आम्ही सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकले आहे. ते खरे नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या व निरोगी वृद्धांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन, त्या क्षणी मेंदूत काय घडते ते चुंबकीय प्रतिमांद्वारे पाहिले. रुग्णांच्या मेंदूतील वेदनेची हालचाल कमी झालेली नव्हती. उलट ती अधिक प्रमाणात आणि अधिक वेळ टिकलेली आढळली. स्मृती जाते, पण वेदना जात नाही. जाते ती वेदना सांगण्याची शक्ती. गुडघा दुखत असतो, पण 'गुडघा' हा शब्द सापडत नाही. काल रात्री कळ आली होती, हे आज सकाळी आठवत नाही. आपण दुखते म्हणून सांगितले तर कोणी औषध देईल, हा कार्यकारणाचा दुवाच तुटलेला असतो.

ज्याला बोलता येत नाही त्याला दुखत नाही, असे मानण्याची खोड वैद्यकशास्त्रालाही होती. नवजात बालकांच्या शस्त्रक्रिया १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी पुरेशी भूल न देता केल्या जात असत, कारण इतक्या लहान जिवाला वेदना जाणवत नाही असा समज होता. तो समज मोडून काढण्यात कंवलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या १९८७ सालच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. बालकांना पुढे न्याय मिळाला. वृद्धांच्या बाबतीत तो अजून पुरता मिळालेला नाही.

याचे पुरावे येथील संशोधनातच आहेत. न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय येथील डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खुब्याचे हाड मोडून इस्पितळात आलेल्या वृद्धांचे त्यांनी दोन गट पाहिले, एक स्मृती शाबूत असलेल्यांचा आणि दुसरा स्मृतिभ्रंश बळावलेल्यांचा. हाड दोघांचेही मोडलेले. पण दुसऱ्या गटाला मॉर्फिनसारखे वेदनाशामक पहिल्या गटाच्या जेमतेम एक-तृतीयांश मिळाले. त्याआधी १९९८ साली पाच राज्यांतील नर्सिंग होम्समध्ये दाखल झालेल्या कर्करोगाच्या १३ हजारांहून अधिक वृद्धांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ४ हजार जणांना रोज वेदना होत होत्या, आणि त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांना एकही वेदनाशामक औषध दिले जात नव्हते. औषधाविना राहण्याची शक्यता कोणाची जास्त होती? ज्यांचे वय ८५ च्या पुढे होते त्यांची, ज्यांची बुद्धी क्षीण झाली होती त्यांची, आणि जे अल्पसंख्य वंशाचे होते त्यांची.

बंधू-भगिनींनो, या शेवटच्या कारणाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. कोणाची वेदना खरी मानावयाची आणि कोणाची नाही, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा कधीच नसतो. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी व निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांचा, कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीच्या एखाद्या तरी खोट्या कल्पनेवर विश्वास होता. कृष्णवर्णीयांची कातडी अधिक जाड असते, ही त्यांतलीच एक. ज्यांचा तसा विश्वास होता त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली. राबणाऱ्या शरीराला कमी दुखते, ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या आजी-पणजीच्या शरीराविषयीही गावाने असेच मानले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक सुरू केले तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांना वाचा नव्हती त्यांच्या वतीने बोलणे हे त्या पत्राचे काम होते. आज आपल्याच घरातील वडीलधारी माणसे निराळ्या अर्थाने मूक होत आहेत. त्यांच्या वतीने बोलणारा कोणी असला पाहिजे.

आता वेदना ओळखावी कशी, याचा विचार करू. वाचा गेली तरी शरीर बोलत राहते. कपाळाला आठ्या पडतात, दातओठ आवळले जातात, डोळे घट्ट मिटले जातात. श्वास जोराने चालतो. कण्हणे, एकच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारणे, ओरडणे सुरू होते. माणूस एखादा अवयव सांभाळून धरतो, तेथे हात लावू देत नाही, मुठी आवळतो, पाय पोटाशी घेतो. जेवण सोडतो, झोप उडते, नेहमी चालणारा माणूस खुर्चीतून उठेनासा होतो. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथील माजी सैनिकांच्या इस्पितळातील तज्ज्ञांनी २००३ साली यासाठी एक सोपे मोजमाप प्रसिद्ध केले. श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि धीर दिल्यावर माणूस शांत होतो की नाही, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे. बेरीज दहापर्यंत जाते. हे मोजमाप आज अनेक नर्सिंग होम्समध्ये वापरले जाते. त्याला इंग्रजीत 'पेनॅड' म्हणतात. आपल्या माणसाचे गुण किती आले, हे विचारण्यास संकोच करू नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अंथरुणावर स्वस्थ पडलेल्या माणसाकडे दारातून पाहून वेदना कळत नाही. ती कुशीवर वळविताना, कपडे बदलताना, अंघोळ घालताना, उभे करताना दिसते. म्हणून भेटीला जाताना नेहमी दुपारी चारला, सारे आवरून झाल्यावर जाऊ नये. कधी तरी सकाळी, आवराआवरीच्या वेळी जावे. तेव्हा जे दिसेल ते दुपारी दिसणार नाही.

आमच्या परिचयातील एका मावशींची हकिकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या वर्धेकडच्या. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह तीस वर्षांचा, आणि स्मृतिभ्रंश इतका वाढलेला की मुलाला त्या भाऊ समजत. येथे आल्यावर शिकलेले थोडेफार इंग्रजी केव्हाच निसटून गेले होते. अनेकांच्या बाबतीत असे घडते. नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणीची बोली मागे राहते. रोज सकाळी पायमोजे घालावयाच्या वेळी त्या किंचाळत आणि मदतनीस बाईंना मारत. कागदोपत्री 'आक्रमक' अशी नोंद झाली आणि त्यांना गुंगी आणणारे औषध सुरू झाले. त्या दिवसभर खुर्चीत मान टाकून बसू लागल्या. सर्वांना वाटले, बरे झाले, शांत झाल्या. एके दिवशी आपल्यापैकीच एक भगिनी, ज्यांचे माहेर त्याच भागातले, त्यांना भेटावयास गेल्या. मावशी पुटपुटत होत्या, "पाय जळून राह्यले वो माये, पाय जळून राह्यले." हे शब्द त्या खोलीत कित्येक महिने उच्चारले जात होते; ते समजणारे माणूस मात्र त्या दिवशी प्रथमच आले. मधुमेहाने पायांच्या नसा बिघडल्या म्हणजे तळव्यांची अशी आग होते आणि साध्या पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी नसांच्या वेदनेवरचे औषध अल्प प्रमाणात सुरू केले, घट्ट मोज्यांऐवजी सैल सुती मोजे आले, पांघरुणाचे ओझे पायांवर येऊ नये अशी व्यवस्था झाली. काही आठवड्यांत मावशी पायांना हात लावू देऊ लागल्या आणि गुंगीचे औषध कमी करता आले. त्यांचा स्मृतिभ्रंश गेला नाही. तो जाणारच नव्हता. पण त्यांचे उरलेले दिवस जळत्या पायांनी गेले नाहीत.

ही हकिकत अपवादात्मक नाही. नॉर्वे देशात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ नर्सिंग होम्समधील ३५२ रुग्ण घेण्यात आले. सर्वांना स्मृतिभ्रंश होता आणि सर्व अस्वस्थ, चिडलेले असत. त्यांतील एका गटाला आठ आठवडे पायरी-पायरीने वेदनाशामक औषधे नेमाने देण्यात आली. बहुतेकांना ते औषध म्हणजे साधे पॅरासिटामॉल होते, ज्याला आपण मायदेशी क्रोसिन म्हणून ओळखतो आणि येथे टायलेनॉल म्हणून. त्या गटातील अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. ज्याला आपण वेडेपणा समजतो त्यातील काही भाग न सांगता आलेले दुखणे असते, हे यावरून दिसते. उलट, अशा वृद्धांना मनोविकारावरील तीव्र औषधे देण्यात मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली नव्या औषधांबाबत आणि २००८ साली जुन्या औषधांबाबतही दिलेला आहे. म्हणून आपल्या माणसाला असे औषध सुरू करीत आहोत असे कोणी सांगितले, तर प्रथम नम्रपणे पण ठामपणे एक प्रश्न विचारावा: "यांना कोठे दुखते आहे का, हे तपासले आहे काय?"

सर्वच अस्वस्थता वेदनेची असते असे आम्ही म्हणत नाही. भूक, तहान, लघवीची घाई, भीती, एकटेपणा यांनीही माणूस ओरडतो. पण तपासणीचा क्रम बांधून घ्यावा. बद्धकोष्ठ आहे काय, लघवी तुंबली आहे काय, दात किडला आहे काय, कवळी रुतते काय, पाठीवर वा टाचेवर शय्याव्रण आहे काय, नागीण होऊन गेली आहे काय, पडून एखादे हाड दुखावले आहे काय, हे पाहावे. संधिवात तर बहुतेकांना असतोच. कारण सापडले की उपाय पुष्कळदा साधा निघतो.

औषधाच्या बाबतीत एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. वेदनाशामक अनेकदा 'गरज पडल्यास' किंवा 'मागितल्यास द्यावे' अशा शेऱ्याने लिहिलेले असते. जो मागू शकतो त्याला ही सोय आहे. ज्याची मागण्याची शक्तीच गेली आहे त्याच्यासाठी या शेऱ्याचा अर्थ 'कधीच देऊ नये' असा होतो. अशा माणसाला ठरलेल्या वेळी औषध देण्याची आणि अंघोळीपूर्वी वा व्यायामापूर्वी काही वेळ आधी ते पोटात जाण्याची व्यवस्था करता येते काय, हे डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंड, यकृत, पोट आणि इतर औषधे पाहून मात्रा तेच ठरवतील. आपण मायदेशातून आणलेल्या गोळ्या पिशवीतून काढून परस्पर देऊ नयेत.

आता भाषेकडे वळू. वेदनेच्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. इंग्रजीत ज्या साऱ्याला बहुधा 'पेन' म्हणून वाटेला लावले जाते, त्याला आपल्या आयाबायांनी किती नावे दिली आहेत पाहा. गळवाचा तो ठणका. दाढेची ती कळ. पाठीत भरते ती उसण. बरगडीत उठते ती चमक. पोटात येतो तो मुरडा. पोटरीत येतो तो गोळा, काही ठिकाणी त्याला वांब म्हणतात. तळव्यांची ती आग, पायांना येतात त्या मुंग्या, जखमेची ती ठसठस, छातीत होते ती जळजळ, तापापूर्वी अंगात भरते ती कसकस. यांतील प्रत्येक शब्द डॉक्टरांच्या उपयोगाचा आहे. आग आणि मुंग्या म्हटले की नसांचा संशय येतो. ठणका म्हटले की सूज वा पू असण्याचा संशय येतो. गोळा म्हटले की स्नायू. ज्या माणसाजवळ शेवटी दोनच शब्द उरले आहेत, त्याचा एक शब्द 'ठणका' असेल आणि तो कोणालाच कळला नाही, तर केवढी हानी!

मोजण्याचेही तसेच. येथील नर्स विचारते, शून्य ते दहामध्ये किती दुखते? आपल्या आजोबांना हा प्रश्न परीक्षेतल्या गुणांसारखा वाटतो. १९५७ साली भारतात दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले, पण जुन्या माणसांच्या बोलण्यातून ते गेले नाहीत. 'आठ आणे आराम पडला', 'बारा आणे दुखणं गेलं' असे ते सहज म्हणतात. त्यांना विचारावे, रुपयातले किती आणे दुखते? ज्यांना आकडा समजतो त्यांच्याकडून याचे उत्तर मिळण्याचा संभव अधिक आहे.

आणखी एक अडचण आपल्या संस्काराची आहे. दुखणे अंगावर काढणे ही आपल्या मागच्या पिढीची रीत. दिवस बुडेपर्यंत दुसऱ्याच्या शेतात वा गिरणीत राबलेल्या माणसाला दुखण्याचे कौतुक परवडत नव्हते. दुखते म्हटले तर मजुरी बुडत असे. म्हणून ही माणसे कसे आहात विचारले की 'बरं आहे' म्हणतात. स्मृती गेली तरी ही सवय जात नाही. 'दुखतंय का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, म्हणून समाधान मानू नये. 'गुडघ्यात उसण भरते का? पायाला आग होते का?' असे नाव घेऊन, त्या जागेवर हात ठेवून विचारावे, आणि उत्तर ऐकण्याबरोबरच चेहरा पाहावा.

कायदा आपल्या बाजूने बराच आहे, हे येथे सांगितले पाहिजे. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने प्रत्येक रहिवाशाची सर्वांगीण तपासणी बंधनकारक केली. दाखल झाल्यावर १४ दिवसांच्या आत ती व्हावी लागते आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी तिचा फेरआढावा घ्यावा लागतो. तिच्यात वेदनेचे स्वतंत्र कलम आहे. रुग्ण स्वतः सांगू शकत नसेल तर आवाज, चेहरा व हालचाली पाहून कर्मचाऱ्यांनी नोंद करावयाची असते. रुग्णाची भाषा कोणती आणि त्याला दुभाषा हवा काय, हेही तिच्यात विचारलेले असते. तेथे 'हिंदी' असे लिहून मोकळे होऊ नये. 'मराठी' असे लिहून घ्यावे. दुभाष्याची सोय मागण्याच्या हक्काचा पाया १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे, आणि तो कायदा या देशातील कृष्णवर्णीय बांधवांनी रक्त सांडून मिळविला आहे, याचे स्मरण ठेवावे. काळजीची योजना ठरविण्याच्या बैठकीस कुटुंबीयांना बसता येते. ती बैठक चुकवू नये. तक्रार ऐकली जात नसेल तर प्रत्येक राज्यात अशा रहिवाशांसाठी ऑम्बुड्समन नावाची व्यवस्था आहे, आणि तिला शुल्क पडत नाही. अखेरच्या अवस्थेत हॉस्पिसची सेवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही मिळू शकते. ती केवळ कर्करोगासाठी आहे हा गैरसमज आहे. हॉस्पिस स्वीकारणे म्हणजे माणसाला सोडून देणे असेही नव्हे. वेदना शमविणे हेच तेथील मुख्य काम असते.

आणि तेथे राबणाऱ्या मदतनीस भगिनींना विसरू नये. अंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे ही सारी कामे त्यांची. त्यांतील कित्येक जणी आपल्यासारख्याच परदेशातून आलेल्या वा कृष्णवर्णीय आहेत. पगार थोडा आणि रुग्ण पुष्कळ. कोणत्या कुशीवर आजी कण्हतात हे डॉक्टरांआधी त्यांना ठाऊक असते. त्यांच्याशी हुकमाच्या सुरात बोलू नये. त्यांचे नाव विचारावे, त्यांचे ऐकावे, आणि त्यांना आपले चार शब्द शिकवावे.

यासाठी आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्या माणसाची एक 'दुखण्याची वही' आजच, त्यांची वाचा शाबूत असताना, लिहून ठेवावी. त्यांचे जुने दुखणे कोणते, कोठे मोडले होते, कोठे शस्त्रक्रिया झाली, कोणते औषध मानवते, दुखले की त्या काय म्हणतात, गप्प होतात की चिडतात, कशाने बरे वाटते, तेल चोळल्याने की गरम पाण्याच्या पिशवीने की भीमगीत ऐकल्याने, हे सारे त्यांनाच विचारून लिहावे. मराठी शब्द देवनागरीत आणि त्याखाली नर्सला वाचता येईल अशा रोमन लिपीत द्यावा, पुढे इंग्रजी अर्थ लिहावा. एक प्रत पलंगाजवळ लावावी, एक नोंदींच्या फायलीत द्यावी. हे काम नातवंडांना सांगावे. ज्या मुलांना मराठी येत नाही म्हणून आपण खंत करतो, ती या निमित्ताने आजीची भाषा तिच्याच तोंडून शिकतील. आपल्या संस्थेनेही चार-सहा स्वयंसेवकांची एक तुकडी करावी. आपल्या भागातील कोणत्या नर्सिंग होममध्ये आपले माणूस आहे, त्याची बोली कोणती, त्याला भेटावयास या महिन्यात कोण जाणार, एवढे जरी ठरले तरी पुष्कळ होईल.

विनयपिटकात एक प्रसंग आहे, आणि बाबासाहेबांनीही तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग संघाला बोलावून समजाविले की, तुम्हाला येथे आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करील? त्याच ठिकाणी शुश्रूषेला अवघड जाणाऱ्या रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत, आणि आपला आजार वाढला की उतरला हे जो सांगत नाही, तो त्यांत मोजलेला आहे. आपल्या वृद्धांना ते सांगता येत नाही. तेव्हा सांगण्याचा भार त्यांच्यावरून उतरून आपल्यावर आला आहे.

आपण या देशात आलो तेव्हा आपल्यालाही येथे आई-वडील नव्हते. एकमेकांच्या घरी जाऊन, एकमेकांची मुले सांभाळून आपण हा समाज उभा केला. ज्यांनी आपल्याला बोलावयास शिकविले त्यांची वाचा आता एकेक करून मिटत आहे. या महिन्यात जी भेट ठरवाल ती सकाळची ठरवा, आणि जाताना वही बरोबर न्या. एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम!